औषधाच्या डब्याचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीच्या पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे : सरकारी नियम, लोकांचे आरोग्य आणि विद्यापीठातला अभ्यास. वाचून कुणालाही वाटेल, की कार्यकर्त्यांचे डोके ठिकाणावर नाही. कपाशीच्या भावाचा प्रश्न उभा आहे, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, बँक दारात उभे करत नाही. आणि ही मंडळी प्राध्यापकांच्या गोष्टी सांगायला निघाली! पण हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. या अभ्यासाचा आणि तुमच्या घरात कोपऱ्यात, कोठ्यात किंवा माळ्यावर ठेवलेल्या फवारणीच्या डब्याचा फार जवळचा संबंध आहे. आणि तो डबा नाही असे कपाशीवाल्याचे घर अमरावती-अकोल्यात शोधून सापडायचे नाही.

सरकारी नियम म्हटला की आपल्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. ज्वारीची लेव्ही आपण भरली. धान्य इकडून तिकडे न्यायची बंदी आपण सोसली. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली आणि पुढे तीसेक वर्षे आपलाच कापूस आपल्याला राज्याबाहेर विकायची चोरी झाली. मध्य प्रदेशच्या हद्दीवर कापसाची गाडी अडवायला सरकारजवळ माणूस होता, काठी होती, कायदा होता.

त्या वेळी आपण नुसती ओरड केली नाही. हिशेब मांडला. या नियमापायी क्विंटलमागे किती गेले, कुणाच्या खिशातून गेले आणि कुणाच्या खिशात पडले, हे पारावर बसून आकड्यानिशी सांगितले. सरकार म्हणत होते नियम शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे. आपण म्हटले, भले झाले की नाही ते सरकारच्या हेतूवरून ठरत नाही, आमच्या हातात काय पडले यावरून ठरते. नियमाचे मोजमाप त्याच्या परिणामावरून करायचे, ही रीत आपण अनुभवातून शिकलो.

विद्यापीठात काही माणसे हेच काम जन्मभर करतात. कुणी डॉक्टर होतो, कुणी अर्थशास्त्र शिकतो, कुणी संख्याशास्त्र. दवाखाना थाटत नाही, कंपनीची नोकरी धरत नाही. एकच प्रश्न हाती घेतो : सरकारने अमुक एक नियम केला, किंवा करायचे टाळले, त्याने माणसे वाचली की मेली? आणि त्या एका प्रश्नामागे वीस-तीस वर्षे घालवतो. आज त्या माणसांविषयी बोलायचे आहे, कारण ज्या नियमाचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही, तो त्यांनी दुसरीकडे मांडून दाखवला आहे. तो नियम म्हणजे डब्यातल्या विषाचा.

विषाला आपण औषध म्हणतो

आपली भाषाच पाहा. पिकावर मारायच्या विषाला आपण औषध म्हणतो. "औषध मारले", "औषध आणले", "औषध पिले". पहिली दोन वाक्ये शेतीची आहेत, तिसरे मरणाचे. तिन्हींत शब्द एकच. ते औषध शेतकऱ्याला तीन वाटांनी मारते. फवारताना नाकातोंडातून आणि अंगावरून जाते ती एक. रिकामा डबा घरात वापरला जातो ती दुसरी. आणि कर्ज, नापिकी, भांडण, अपमान यांनी गांजलेला माणूस एका वाईट घटकेला त्या डब्याकडे जातो, ती तिसरी.

या विषावर सरकारचे नियंत्रण कधी आले? १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून आला. वाटेत विष गळून खाण्याच्या मालात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग बसला. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले. म्हणजे माणसे मेल्यावर दहा वर्षांनी कायदा, तेरा वर्षांनी नियम.

त्या कायद्याची रचना समजून घ्या. कोणते विष देशात विकायचे याची नोंदणी दिल्लीची समिती करते. दुकानाला परवाना राज्याचे कृषी खाते देते. एखाद्या विषाने आपल्या जिल्ह्यात माणसे मरू लागली, तर राज्य सरकार ते कायमचे बंद करू शकत नाही. ६० दिवस थांबवू शकते, चौकशी लांबली तर फार तर आणखी ३० दिवस. मरणारा वऱ्हाडात आणि कुलूपकिल्ली दिल्लीत, अशी ही व्यवस्था.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण सगळ्यांनी पाहिला आहे. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग कसा ठरतो? प्रयोगशाळेत जनावरांना, मुख्यतः उंदरांना, विष देऊन. किती विषाने निम्मे उंदीर मरतात, ते पाहून डब्याला रंग देतात. आता उंदीर काही पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीत शिरत नाही आणि सोसायटीचे कर्जही काढत नाही. उंदराच्या मापाने काढलेला रंग माणसाला किती लागू पडतो, हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. तो पडला श्रीलंकेत.

अनुराधपूरच्या दवाखान्यातला हिशेब

श्रीलंकेचा अनुराधपूर भाग आपल्यासारखाच कोरड्या पट्ट्यातला, शेतकऱ्यांचा. १९९५ च्या सुमारास तिथे मायकेल एडल्स्टन नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर आला. आला होता दुसऱ्याच कामाला : पिवळ्या कण्हेरीचे बी खाऊन विषबाधा झालेल्या रोग्यांसाठी उतारा शोधायला. पण त्याच वॉर्डात त्याने पाहिले, की फवारणीचे विष पोटात गेलेले शेतकरी खाटाखाटांवर पडले आहेत. त्याने तो प्रश्न धरला आणि सोडला नाही. श्रीलंकेतल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन त्याने वहीच घातली. विषबाधेचा रोगी आला की नेमके कोणते विष, किती वेळाने दवाखान्यात पोचला, कोणता उपचार झाला, जगला की गेला, हे लिहायचे.

२००२ ते २००८ या काळात त्यांनी ९ हजारांहून अधिक रोग्यांची अशी नोंद केली. त्यातून जे बाहेर आले ते डोळे उघडणारे होते. उंदराच्या मापाने एकाच पायरीवर बसवलेली दोन विषे माणसाच्या बाबतीत सारखी नव्हती. एकाने शंभरातले आठ रोगी जात होते, तर दुसऱ्याने तेवीस. काही विषांनी जवळजवळ कुणीच मरत नव्हते, तर काहींवर डॉक्टरांचा इलाजच चालत नव्हता. त्या विषांची नावे आम्ही या व्यासपीठावरून घेत नाही, कारण उघड आहे. पण बाजारात दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि अळीचे काम दोन्हींनी होत होते.

श्रीलंकेच्या सरकारने या बाबतीत आधीपासून पावले टाकली होती. १९८४ साली पॅराथिऑन बंद केले. १९९५ साली मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्या जोडीची जहाल विषे बंद केली. त्यांच्या जागी लोक एंडोसल्फान वापरू लागले, आणि दवाखान्यांत एंडोसल्फानचे मृत्यू वाढले. वह्या होत्या म्हणून हे लगेच दिसले, आणि १९९८ साली एंडोसल्फानही गेले. पुढे २००८ पासूनच्या तीन वर्षांत, रोग्यांच्या नोंदीवरून सर्वांत घातक ठरलेली आणखी तीन विषे टप्प्याटप्प्याने काढून टाकली.

परिणाम काय झाला? १९९५ साली त्या देशात दर लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत होत्या, जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एक. पुढच्या वीस वर्षांत हा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. एडल्स्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अंदाज मांडला, की त्या वीस वर्षांत सुमारे ९३ हजार जीव वाचले.

आणि पीक? तुमच्या मनात आलेला प्रश्न हाच आहे, आणि तो पहिल्यांदा विचारायला हवा. त्या देशातल्या कीटकनाशक निबंधकाने इतरांसोबत हाही हिशेब मांडला आणि २००८ साली छापला. नेमकी निवडलेली विषे बंद केल्याने भाताचे किंवा भाजीपाल्याचे उत्पन्न घटल्याचे दिसले नाही. कारण पर्यायी औषधे बाजारात होती.

दोन बंद्या, एकच देश

इथे आम्हाला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल की ही मंडळी बंदीची भाषा करू लागली.

त्याच श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी बंदी घातली. रासायनिक खते आणि शेतीची रासायनिक औषधे यांची आयात एका फटक्यात बंद. सगळा देश एका हंगामात सेंद्रिय करायचा म्हणे! भाताचे पीक खाली आले, चहाला फटका बसला, तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. नोव्हेंबरमध्ये सरकारने माघार घेतली; तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेला होता.

देश एकच. सरकारी अधिकारही तोच. मग पहिली बंदी जीव वाचवणारी आणि दुसरी पीक बुडवणारी का झाली? पहिलीच्या मागे दवाखान्याची वही होती. कोणते विष, किती माणसे, पर्याय कोणता, पिकाचे काय होईल, हे एकेक करून मोजले आणि तेवढेच काढले. दुसरीच्या मागे राज्यकर्त्याची हौस होती. मोजणी नव्हती.

आपण नवे बी आले की सगळ्या वावरात पेरत नाही. दोन तास धुऱ्याकडे लावून पाहतो, बोंडे मोजतो, मग पुढच्या साली ठरवतो. सरकारला मात्र नियम सगळ्या देशावर एकदम पेरायची खोड असते, आणि उगवले की नाही हे पाहायला परत कुणी येत नाही. हे पाहायला परत येणारा माणूस म्हणजे हा अभ्यासक. त्याला नियमाबद्दल प्रेम नसते आणि रागही नसतो. तो फक्त बोंडे मोजतो.

आणि आपल्याकडे?

आता वऱ्हाडात या. २०१७ साल आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती. दुकानदाराने दिलेली दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारे चालले होते. पंप नवे, जोर जास्त, तुषार बारीक, आणि फवारणारा त्या तुषारातच उभा. यवतमाळ जिल्ह्यात वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्या अकोला-अमरावतीतही माणसे दवाखान्यात गेली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक बसले. आणि पाच औषधांवर ६० दिवसांची बंदी आली. केव्हा? नोव्हेंबरात, कार्तिकात, बहुतेक फवारे मारून झाल्यावर. आग विझल्यावर बंब आला, आणि आला तो दोन महिन्यांच्या बोलीवर.

दिल्लीचा हिशेबही ऐका. इतर देशांनी बंद केलेली किंवा आवरलेली ६६ औषधे आपल्याकडे चालू होती. त्यांची तपासणी करायला २०१३ साली डॉ. अनुपम वर्मा या वनस्पतिरोगशास्त्राच्या प्राध्यापकांची समिती नेमली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तिने अहवाल दिला. २०१८ साली १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला, त्यातल्या सहांना २०२० अखेरपर्यंत मुदत. २०२० साली आणखी २७ औषधे बंद करण्याचा मसुदा आला. हरकती, सुनावण्या, पुन्हा समित्या. २०२३ साली अखेरचा आदेश आला तेव्हा सत्तावीसांतली तीन पूर्ण बंद झाली, आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द झाली.

त्याच मोनोक्रोटोफॉसने २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून २३ लेकरे नेली होती. श्रीलंकेने ते १९९५ साली काढले. आपण २०२३ साली. मधली वर्षे २८. या २८ वर्षांत वऱ्हाडातली किती घरे उघडी पडली, याचा आकडा आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही, कारण त्यासाठी जी वही लागते ती कुणी घातलेलीच नाही.

वही नाही म्हणजे कागद नाहीत, असे नव्हे. कागद भरपूर आहेत. रोगी अमरावतीच्या इर्विनमध्ये गेला की केसपेपर होतो, अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये गेला की होतो. पोलिसांचा पंचनामा होतो. व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. तहसीलदाराकडे प्रकरण जाते आणि पात्र की अपात्र हे ठरते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, वसुलीचा तगादा होता का, हे सगळे विचारतात. एक लाख रुपये द्यायचे की नाही, यासाठी हा खटाटोप. पण कोणत्या विषाचा परवाना फिरून तपासायला पाहिजे, यासाठी हे कागद कुणी एका टेबलावर आणून ठेवत नाही. माणूस गेला याची नोंद चार ठिकाणी, आणि पुढचा वाचावा याची एकाही ठिकाणी नाही.

कीड किती मेली हे मोजणारे विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे, आणि ते काम त्याने केलेच पाहिजे. फवारणाऱ्याचे काय झाले हे मोजणे त्याच्याकडे दिलेले नाही. ते कुणाचे काम, हे ठरायचे राहून गेले आहे.

अमरावतीच्या तीस गावांत

आपल्या भागात असा अभ्यास होऊच शकत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत एक काम केले आणि २०१७ साली त्याचा हिशेब छापला. प्रश्न साधा होता. ज्याचे मन खचले आहे, झोप उडाली आहे, कशातच जीव लागत नाही, असा माणूस मदतीपर्यंत पोचतो का?

सुरुवातीला त्यांनी मोजले तेव्हा अशा शंभर माणसांतली चार-पाचच कुणाकडे मदत मागायला गेली होती. बाकीची आतल्या आत. मग त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर गेली, बोलली, ऐकून घेतले. गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेले. दीड वर्षाने पुन्हा मोजले. आता शंभरातली सत्तावीस माणसे मदतीपर्यंत पोचत होती. मोठे इस्पितळ बांधले नाही. गावातल्या माणसाला शिकवले आणि आधी-नंतर मोजले.

शंभरातली सत्तावीस म्हणजे त्र्याहत्तर अजून राहिलीच. पण चारावरून सत्तावीसावर जाता येते, हे आता कुणाला नाकारता येणार नाही. सरकारी अधिकारी "गावात हे चालत नाही" म्हणाला, तर त्याच्यापुढे ठेवायला अमरावतीचाच आकडा आहे. अभ्यासकाच्या कामाची किंमत ही अशी असते.

शंका आणि त्यांची उत्तरे

पहिली शंका आमच्याच कार्यकर्त्यांची. ते म्हणतात, शेतकरी मरतो तो भावामुळे, कर्जामुळे. विषाकडे बोट दाखवले की सरकारला सुटायला वाट मिळेल. ही भीती खरी आहे. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, औषधाचा डबा बदलल्याने कर्ज फिटत नाही आणि कापसाला दाम मिळत नाही. भावाची लढाई कुणीही विषाच्या डब्यात बुडवू पाहील तर आम्ही ते चालू देणार नाही. पण श्रीलंकेतल्या शेतकऱ्याचे कर्ज फिटले होते म्हणून तो वाचला, असे नाही. तो वाचला, कारण वाईट घटकेला त्याच्या हाताशी जे होते ते कमी जहाल होते. अभ्यास सांगतात, की फार मोठ्या संख्येने माणसे हा निर्णय थोड्या मिनिटांच्या तडकाफडकीत घेतात, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या मार्गाने जात नाहीत. ती घटका टळली तर माणूस राहतो. राहिला तर लढेल. मेलेल्या माणसाला हमीभाव देता येत नाही.

दुसरी शंका कंपन्यांची आणि काही अधिकाऱ्यांचीही. शेतकरी मास्क लावत नाही, हातमोजे घालत नाही, मात्रा जास्त घेतो, दोष त्याचा. भावांनो, भाद्रपदाच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, रबरी कोट आणि तोंडाला मुसके घालून हे साहेब एक एकर फवारून दाखवोत. ज्या औषधाची सुरक्षितता आपल्या हवेत न पाळता येणाऱ्या अटींवर टिकून आहे, ते आपल्यासाठी सुरक्षित नाही. दोष शेतकऱ्याचा की परवान्याचा, हे भाषणाने ठरणार नाही. मोजून ठरेल.

तिसरी शंका या अभ्यासकांविषयी. विद्यापीठातला माणूस काय हरिश्चंद्र असतो? मुळीच नाही. आपण शेतीमालाच्या उत्पादनखर्चाचे सरकारी आकडे पाहिले आहेत. पदवी मोठी असली म्हणून बेरीज बरोबर असतेच असे नाही. म्हणून कुणीही अभ्यासक गावात आला तर त्याला चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा. तुमच्या अभ्यासाला पैसा कुणाचा? तुम्ही नेमके काय मोजले आणि काय मोजायचे सोडले? आणि निघालेला आकडा आधी आम्हाला आमच्या भाषेत वाचून दाखवाल की नाही? तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर त्याला घर मोकळे करून द्या. नाही मिळाली तर चहापुरते ठेवा.

करायचे काय

आता कामाचे बोलू.

एक : दोन्ही जिल्ह्यांत विषबाधेच्या प्रत्येक रोग्याच्या कागदावर औषधाचे डब्यावरचे नाव, त्यातला मूळ घटक, फवारताना की अन्य रीतीने, आणि रोगी जगला की नाही, एवढे लिहिलेच पाहिजे. रोग्याचे नाव उघड न करता दर वर्षी त्याचा तक्ता जाहीर झाला पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही. एक छापील रकाना लागतो. या मागणीचे निवेदन दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे.

दोन : राज्य सरकारजवळ ६० दिवसांचा अधिकार आहे तो आषाढ-श्रावणात वापरायचा असतो, कार्तिकात नव्हे. मागल्या वर्षाचा तक्ता हाती असेल तर पेरणीआधीच सांगता येईल, की यंदा कोणते औषध दुकानात नको.

तीन : कोणतेही औषध बंद करायचे तर नाव घेऊन, कारण सांगून, आणि त्याच किडीवर चालणारे, परवडणारे दुसरे औषध दाखवून. पर्याय दाखवल्याशिवाय घातलेली बंदी म्हणजे पुन्हा लेव्हीच, आणि तिला आपण लेव्हीसारखेच उत्तर देऊ.

चार : तोवर आपल्या हातातले काम. हंगामाला लागेल तेवढेच औषध आणा. डबा घरात उघडा ठेवू नका. शेतात किंवा कोठ्यात, कुलपात ठेवा. रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरायचे नाही, तो फोडून टाका. कुणाला बाधा झाली तर १०८ ला फोन करा, अंगावरचे कपडे काढून अंग धुवा, ओकाऱ्या काढण्याचे घरगुती उपाय करत बसू नका, आणि डबा बरोबर घ्या. डॉक्टरला डब्यावरचे नाव कळले तर उपचाराचा वेळ वाचतो. घरात, शेजारी कुणी गप्प गप्प राहू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका, सरळ विचारा. विचारल्याने कुणी मरत नाही. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येते.

पाच : आणि हे सर्वांत लांब पल्ल्याचे. आपली पोरे-पोरी शिकतात. हुशार निघाली की आपण म्हणतो डॉक्टर हो, इंजिनिअर हो, नाही तर स्पर्धा परीक्षेला बैस. साहेब हो, म्हणजे नियम लावणारा हो. यातल्या दहा जणांत एकाला तरी सांगा, की नियम मोजणारा हो. संख्याशास्त्र शीक, सार्वजनिक आरोग्य शीक, अर्थशास्त्र शीक. मुंबईत, पुण्यात हे शिकवणाऱ्या संस्था आहेत. या धंद्यात बंगला होत नाही, नाव वर्तमानपत्रात येत नाही, आणि एका प्रश्नाला पंधरा-वीस वर्षे लागतात. पण अनुराधपूरच्या वॉर्डात जी वही एका परदेशी डॉक्टराने घातली, ती इर्विनमध्ये किंवा सर्वोपचारमध्ये दर्यापूरच्या नाही तर तेल्हाऱ्याच्या पोरीने का घालू नये? तिला विषाची नावे पुस्तकातून शिकावी लागणार नाहीत. पऱ्हाटी किती उंच वाढते हे तिला माहीत आहे. फवारून आलेल्या बापाचे डोळे कसे लाल होतात, हेही माहीत आहे.

मायबहिणींनो, भावांनो, कापसाचा हिशेब आपण दुसऱ्याच्या हातात दिला तेव्हा काय झाले, ते आपण भोगले. जिवाचा हिशेब अजून कुणाच्याच हातात नाही. तो आपल्याकडे घ्यायला हवा. निवेदनाचे कागद बाहेर टेबलावर ठेवले आहेत. सही करताना आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत औषधाने किती माणसे गेली, तो आकडा गावाच्या नावापुढे लिहा. माणसांची नावे लिहू नका. सुरुवात त्या आकड्यापासून होईल.